पैठण, तेर, कल्याण मूळ ग्रीकमधून : नाशिकच्या एका वाचनालयातला आमचा वर्ग

मार्च २०२५ च्या अखेरीस आमच्या शनिवारच्या वर्गाने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या समुद्री व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक पुस्तिकेतला दख्खनचा भाग, म्हणजे ५० ते ५३ ही प्रकरणं, मूळ ग्रीकमधून वाचून पूर्ण केला. वाचणाऱ्यांत एसटीतून निवृत्त झालेले एक चालक होते, औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती, मूळच्या सोलापूरच्या आणि घरात तेलुगू बोलणाऱ्या एक गृहिणी होत्या, बी.ए.ची दोन मुलं होती, एक निवृत्त तलाठी होते. यांतले बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकलेले. सव्वा वर्षापूर्वी यांच्यासाठी अल्फा आणि थीटा ही भूमितीतल्या कोनांची नावं होती, एवढीच काय ती ग्रीकशी ओळख.

वर्ग कसा उभा राहिला, किती थांबावं लागलं, खर्च किती आला, माणसं कुठे गळली आणि कशामुळे टिकली, हे सगळं क्रमाने लिहिते आहे. आपल्या गावात असं काही सुरू करावं असं कोणाच्या मनात असेल तर त्याला उपयोग होईल. मी शोधत होते तेव्हा मराठीत याविषयी काहीच हाती लागलं नव्हतं.

मी शाळेत संस्कृत शिकवायचे. २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. त्या काळात मी इंटरनेटवरून ग्रीकची अक्षरं गिरवायला लागले. पुढे नाशिकमध्येच एक निवृत्त धर्मगुरू भेटले. त्यांनी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, अनेक वर्षं बायबलच्या नव्या कराराची ग्रीक शिकवली होती. मी त्यांना फादर म्हणते, ते मला बाई म्हणतात. आठवड्यातून एकदा त्यांच्या व्हरांड्यात बसून मी पुढची तीन वर्षं शिकले. एकदा त्यांनी कपाटातून पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून बायबलचं साध्या, घरगुती मराठीत भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला. फादर म्हणाले, “बाई, संस्कृत जाणणारी मराठी बाई ग्रीक शिकते, यात नवीन काही नाही. नवीन एवढंच होईल की तुम्ही ती चार लोकांना शिकवाल.”

हे बोलणं जून २०२३ मधलं. वर्गाचा विचार खरा तिथे पक्का झाला.

ग्रीक सामान्य माणसापर्यंत पोचत नाही याचं कारण ती अवघड आहे हे नाही. आपल्याकडे तरी तिच्या वाटेवर इंग्रजी उभी असते हे खरं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे. मिळणारी जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्याला समोर ठेवून लिहिली आहेत. त्यांत नामाला लिंग असतं म्हणजे काय, विभक्ती म्हणजे काय, कर्त्याप्रमाणे क्रियापद का बदलतं, हे समजावण्यात पानंच्या पानं जातात. मराठी माणसाला यातलं काहीही समजवावं लागत नाही. तो, ती, ते ही तीन लिंगं आपण बोलायला लागल्यापासून वापरतो. ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाचा’ म्हणताना आपण विभक्तीच लावत असतो. जे आपल्याला येतंच आहे ते आधी इंग्रजीतून परकं करून मग पुन्हा शिकायचं, हा फेरा टाळायचा असं ठरवूनच मी कामाला लागले.

पहिला प्रश्न पुस्तकाचा. आजची चांगली पाठ्यपुस्तकं महाग आहेत आणि त्यांच्या झेरॉक्स वाटणं बेकायदा आहे. म्हणून कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे १८९६ मध्ये निघालेलं जॉन विल्यम्स व्हाइट यांचं प्राथमिक ग्रीकचं पुस्तक मोकळं आहे, कारण ते १९१७ मध्ये वारले. पेरिप्लसच्या बाबतीत जरा जपून राहावं लागलं. ह्यालमार फ्रिस्क यांची १९२७ ची संहिता, म्हणजे त्यांनी संपादित केलेला मूळ ग्रीक पाठ, अभ्यासकांना प्रमाण वाटते, पण ते १९८४ मध्ये वारले, त्यामुळे भारतात ती २०४४ संपेपर्यंत बांधलेली आहे. कार्ल म्युलर यांची पॅरिसहून १८५५ मध्ये निघालेली संहिता मात्र मोकळी, कारण त्यांचं निधन १८९४ चं. आम्ही म्युलरचीच घेतली. कुठे वाचनभेद, म्हणजे दोन संहितांतल्या शब्दांचा फरक, महत्त्वाचा असेल तर तेवढा तोंडी सांगायचा असं ठरवलं. तुम्ही कोणताही जुना ग्रंथ वर्गात वाटणार असाल तर संपादकाचं मृत्युवर्ष आधी शोधा. मूळ लेखक दोन हजार वर्षांपूर्वीचा असला तरी छापील संहिता संपादकाची असते.

व्हाइटचं पुस्तक तसंच वापरलं नाही. त्यातली वाक्यं आणि शब्द घेतले, व्याकरणाचा भाग मराठीतून नव्याने लिहिला. ते लेखन जुलैपासून दिवाळीपर्यंत चाललं.

मधल्या काळात जागेसाठी अर्ज केला. घरी वर्ग घेता आला असता, पण घरी फक्त ओळखीचीच माणसं येतात. अनोळखी माणसाला उंबरठा ओलांडायचा संकोच वाटू नये अशी जागा हवी होती, म्हणून सार्वजनिक वाचनालय. सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. उत्तर आलं की वरच्या मजल्यावरच्या सभागृहाचा निर्णय कार्यकारी मंडळाच्या मासिक बैठकीत होतो. सप्टेंबरची बैठक गणपतीमुळे पुढे गेली. ऑक्टोबरच्या बैठकीत विषय शेवटी आला आणि वेळ संपली. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरच्या बैठकीत मला बोलावलं.

मंडळाने विचारलेले प्रश्न रास्त होते. हे कोण शिकणार? फी किती? आणि एका सदस्यांनी सरळ विचारलं, यात धर्मप्रसार आहे का? ग्रीक म्हटलं की त्यांना बायबल आठवलं होतं. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. वराहमिहिर या प्राचीन ज्योतिषाने बृहत्संहितेत, ज्योतिषशास्त्र यवनांमध्ये, म्हणजे ग्रीकांमध्ये, चांगलं रुजलेलं असल्यामुळे तेही ऋषींसारखे पूजले जातात, असं म्हटलं आहे. आणि आपल्याच पांडवलेण्यात सतरा क्रमांकाचं लेणं एका यवनाच्या दानातून कोरलेलं आहे, तसा शिलालेख तिथे आहे. त्यानंतर चर्चा बरीच मोकळी झाली. परवानगी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेखी मिळाली.

त्यासाठी लागलेली कागदपत्रं अशी : वर्गाचा हेतू, वार आणि वेळ लिहिलेला अर्ज, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, माझ्या आधारकार्डाची प्रत, वाचनालयाच्या दोन जुन्या सभासदांच्या शिफारशीच्या सह्या आणि कार्यक्रम धार्मिक किंवा राजकीय नाही असं १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र. टायपिंगसकट त्याचे अडीचशे रुपये झाले. सभागृहाची अनामत २,००० रुपये, परत मिळणारी. भाडं एका शनिवारचं २०० रुपये, सवलतीचा दर.

ही सवलत मिळण्यामागचं कारण कळलं तर तुमचंही काम सोपं होईल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं आणि त्यांची तपासणीही होते. पुस्तकांच्या देवघेवीपलीकडे वाचनालय लोकांसाठी काय करतं हे अहवालात दाखवता आलं तर त्यांनाही ते हवंच असतं. माझ्या अर्जात ग्रंथपालांनीच एक वाक्य घालायला सांगितलं : ‘सदर उपक्रमाची नोंद वाचनालयाच्या वार्षिक अहवालात घेण्यास हरकत नाही.’ अर्ज देण्याआधी ग्रंथपालांना भेटा, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते.

टिपणांची छपाई हा वेगळाच उद्योग झाला. प्राचीन ग्रीकमध्ये स्वरांच्या डोक्यावर आघाताची आणि श्वासाची चिन्हं असतात. ग्रीस देशाने १९८२ मध्ये आपल्या रोजच्या लेखनातून ती बहुतेक काढून टाकली, पण प्राचीन संहितेत ती हवीतच. युनिकोडमध्ये त्यांच्यासाठी वेगळा विभाग आहे. विंडोजमध्ये ‘ग्रीक पॉलिटॉनिक’ नावाचा कळफलक आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करायचा. फाँट मी जेंटियम वापरला, तो मोफत आहे. झेरॉक्सच्या दुकानात मात्र जुने बिगर-युनिकोड मराठी फाँट होते, तिथे फाइल उघडली की ग्रीकच्या जागी चौकोन दिसायचे. वर्डची फाइल न देता फाँट आत बसवलेली पीडीएफ दिली की प्रश्न मिटतो. ६४ पानांची प्रत, स्पायरल बाइंडिंगसकट, ९५ रुपयांना पडली.

६ जानेवारी २०२४, शनिवार, संध्याकाळी पाच वाजता वर्ग सुरू झाला. वाचनालयाच्या फलकावर आणि दोन महाविद्यालयांत साधी सूचना लावली होती : ‘प्राचीन ग्रीक मराठीतून. फी नाही. वयाची, शिक्षणाची अट नाही.’ खुर्च्या कमी पडल्या, खालून आणाव्या लागल्या.

पहिले सहा आठवडे फक्त अक्षरं आणि उच्चार. उच्चारांच्या अनेक परंपरा आहेत. फादर युरोपीय परंपरेतले, ग्रीसमधली आजची माणसं निराळं म्हणतात, आणि भाषाशास्त्रज्ञांनी जुळवून दाखवलेला इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेन्सचा उच्चार आणखी वेगळा. पेरिप्लस जरी त्यानंतर पाचशे वर्षांनी लिहिलं गेलं तरी आम्ही अथेन्सचा घेतला, कारण मराठी जिभेला तो सर्वांत सोपा. त्यात पी आणि फी, ताउ आणि थीटा, काप्पा आणि खी यांच्यातला फरक अगदी आपल्या प-फ, त-थ, क-ख यांचाच आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा महाप्राण वेगळा ऐकू यायलाच कष्ट पडतात. आपल्याकडे एवढंच सांगावं लागतं की फ ‘फळा’तला, ‘फॅन’मधला नव्हे.

अडलो ते दुसरीकडे. ग्रीकमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे स्वर आहेत, वेगळी अक्षरं आहेत. संस्कृतात हे दोन्ही दीर्घच आणि मराठीत आपण तो भेद मानत नाही. माझ्या कानालाही तो नीट पकडता येत नव्हता. सोलापूरच्या ताईंना पहिल्याच दिवशी ऐकू आला, कारण तेलुगूत ऱ्हस्व ए-ओ आहेत. त्या दिवसापासून उच्चार तपासायचं काम त्यांच्याकडे गेलं. लिहिण्यासाठी युनिकोडच्या देवनागरीत ऎ आणि ऒ ही ऱ्हस्व अक्षरं आहेत. ती सहसा दाक्षिणात्य शब्द लिहायला वापरतात, आम्ही ग्रीकसाठी वापरली आणि गोंधळ संपला. तिथून पुढे ‘लोगोस’ आम्ही ‘लॊगॊस’ लिहू लागलो.

आघातांची तीन चिन्हं बघितल्यावर निवृत्त तलाठी म्हणाले, “बाई, हे तर उदात्त, अनुदात्त, स्वरित.” त्यांच्या घरी वेदपठण होतं. अगदी बरोबरी नाही, स्वरित आणि ग्रीकचा तिसरा आघात यांचं काम वेगळं आहे, पण आवाजाची पट्टी वर-खाली जाणं हे तत्त्व तेच. ही चिन्हं अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी, परंपरेने सांगतात ते बायझँटियमच्या अॅरिस्टोफेनीसने, इसवीसनापूर्वी २०० च्या सुमारास आणली. बोलीतून आघात पुसट व्हायला लागल्यावर, परक्यांना वाचता यावं म्हणून. म्हणजे ग्रीक लोकांसाठी सोपी करण्याचा उद्योग तेव्हापासून चालूच आहे.

मार्चमध्ये वर्ग ओसरायला लागला. परीक्षा हे एक कारण, पण मुख्य कारण क्रियापदं. ग्रीक क्रियापदाचं कोष्टक एकदम समोर ठेवलं तर कोणीही घाबरेल. ज्यांना शाळेतलं संस्कृत आठवत होतं त्यांना आधार मिळाला : फेरो म्हणजे भरामि, दिदोमि म्हणजे ददामि, तिथेमि म्हणजे दधामि. भूतकाळात आधी अ लागून अभरम् होतं तसंच तिकडे ए लागून एफेरोन होतं. ग्रीक क्रियापदाच्या रूपांत ऑप्टेटिव्हच्या जागी संस्कृतातला विधिलिङ्, मिडल व्हॉइसच्या जागी आत्मनेपद, एओरिस्टच्या जागी लुङ् धरला की अर्धी वाट सरते. पण संस्कृत न शिकलेल्यांचं काय? वर्ग सर्वांसाठी खुला आहे असं म्हणून आत आल्यावर संस्कृतचं दार लावलं, तर इंग्रजीचं दार काढून काय मिळवलं? ही अस्वस्थता मला त्या महिन्यांत फार होती.

वाट मराठीतच सापडली. ग्रीक वाक्य धातुसाधितांवर चालतं. ‘जाणारा’, ‘गेलेला’, ‘जात असलेला’ या अर्थाची रूपं एकामागून एक येत राहतात. इंग्रजीत त्यांचं भाषांतर करताना वाक्य तोडून जोडावं लागतं. मराठीत तोडावं लागत नाही. ‘भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर असलेलं पैठण’, संपलं. ग्रीकमधली कर्त्यापासून सुटी असलेली षष्ठीची रचना संस्कृतवाल्यांना सति सप्तमी म्हणून ओळखू येते, पण ‘पाऊस पडत असता’ म्हटल्यावर ती सगळ्यांनाच कळते. एप्रिलपासून मी कोष्टकं पाठीमागे ढकलली आणि दर शनिवारी वाक्यं घेतली. प्रत्येक धातुसाधिताला मराठीतलं जोडरूप शोधायचं, मग प्रत्ययाकडे वळायचं. औषधाच्या दुकानातल्या मुलीला संस्कृतचा गंध नव्हता आणि ती या पद्धतीत सर्वांच्या पुढे गेली.

त्याच सुमारास लोकसभेची आचारसंहिता लागली. ‘सभा’ हा शब्द आला की कोणाला काय वाटेल सांगता येत नाही, म्हणून वाचनालयाने वर्ग थांबवण्याविषयी विचारणा केली. स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र तेव्हा कामी आलं. त्याची प्रत आणि उपस्थितांची वही दिल्यावर हरकत उरली नाही. उपस्थितीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, नाव आणि सही एवढं पुरे. नाशिकचं मतदान २० मे रोजी होतं, त्या आठवड्यात मात्र शिक्षक मंडळी कामावर असल्याने वर्ग घेतला नाही. जूनमध्ये पुन्हा बसलो तेव्हा सुरुवातीच्या माणसांपैकी निम्म्याहून कमी उरली होती. मला वाईट वाटलं हे खरंच आहे. पण उरलेले पुढे शेवटपर्यंत राहिले.

आता शब्दकोश. लिडेल आणि स्कॉट यांचा ग्रीक-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८४३ मध्ये निघाला, जोन्स यांनी वाढवलेली नववी आवृत्ती १९४० मध्ये पूर्ण झाली. छापील प्रत सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही, पण हा अख्खा कोश आज फोनवर मोफत उघडतो. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस प्रकल्पावर संहितेतल्या शब्दावर बोट ठेवलं की त्याचं व्याकरण दिसतं. शिकागो विद्यापीठाचं लोगेऑन शोधायला आणखी सुटसुटीत. ग्रीक लोकांसाठी खुली करण्यात या दोन कामांचा वाटा फार मोठा आहे आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, हे मी दर वेळी नव्या माणसाला सांगते. तरी अर्थ इंग्रजीतच मिळतात. म्हणून आम्ही आमची ग्रीक-मराठी शब्दसूची करायला घेतली. एका तक्त्यात शब्द, देवनागरी उच्चार, लिंग किंवा धातू, मराठी अर्थ आणि तो आमच्या पाठात कुठे आला ते. दर आठवड्याला दोघांनी भरायचं, बाकीच्यांनी तपासायचं, अडलं तर फादरांकडे न्यायचं. कोणत्याही कोशातला मजकूर उचलून भाषांतर करायचा नाही, वाक्यातल्या वापरावरून अर्थ लिहायचा, हा नियम ठेवला.

पावसाळ्यानंतर सगळे पांडवलेण्यावर गेलो. सतरा क्रमांकाच्या लेण्यातला लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा योनक (म्हणजे यवन), धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, असं दात्याचं नाव. बापलेकांची नावं पार इथली. बी.ए.च्या मुलांतला एक जण बराच वेळ लेखासमोर उभा राहून विचारत होता, की हा माणूस घरी कोणती भाषा बोलत असेल. उत्तर कोणाजवळ नव्हतं, पण त्या प्रश्नावर आम्ही परतीच्या वाटेवर बोलत राहिलो.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाल्यावर पेरिप्लस हातात घेतलं. इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ही पुस्तिका आहे, लेखकाचं नाव माहीत नाही. कोणत्या बंदरात काय विकतं, काय घ्यावं, वारा कधी धरावा, असा सगळा मजकूर. अथेन्सच्या साहित्यिक ग्रीकचं सौष्ठव तिच्यात नाही, ही बाजारातली भाषा आहे. नवशिक्यांसाठी ते बरंच. दहाव्या शतकातलं तिचं हस्तलिखित जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्याची पानं इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. आम्ही ती पडद्यावर लावली. अक्षर फार वळणदार आणि जोडलेलं, सुरुवातीला काही लागेना. मग ताईंनी पैठणचं नाव शोधून दाखवलं आणि खुर्च्या पुढे सरकल्या.

मजकूर असा : दख्खनमध्ये पैठण आणि तगर या दोन बाजारपेठा सर्वांत नावाजलेल्या. बारिगाझा म्हणजे भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर हे आणखी एक फार मोठं शहर. पैठणहून गोमेदाचे दगड आणि तगरहून पुष्कळसं जाडंभरडं कापड, तलम कापडाचे प्रकार गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून भडोचला नेतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे पुरालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं आणि ते आज सर्वमान्य आहे.

गाड्यांच्या ओळीवर एसटीतले काका थांबले. त्यांनी पैठण ते भडोच रस्ता आयुष्यभरात अनेकदा तुकड्यातुकड्यांनी चालवला होता. फळ्यावर नकाशा काढून ते म्हणाले, “लादलेली गाडी खाली उतरवायची तर कन्नडच्या घाटाने चाळीसगावला येणार, पुढे धुळ्याकडून तापीच्या खोऱ्याने. वीस दिवस म्हणजे रोजचे वीस-बावीस किलोमीटर. बैलाला तेवढं जमतं.” हा त्यांचा अंदाज आहे, पुरावा नाही. पण ‘वाट नसलेला प्रदेश’ या दोन शब्दांचा भार मला तोवर कळला नव्हता, तो त्यांच्या नकाशाने कळला. कापडाच्या नावांवर ताई बोलल्या, त्यांच्या माहेरी हातमाग होता. जाड सूत आणि तलम सूत यांची गाठोडी वेगवेगळी का बांधतात हे त्यांनी सांगितलं. ही संहिता विद्यापीठात शिकले असते तर मला हे दोघे भेटले नसते.

५२ वं प्रकरण कल्याणचं. थोरल्या सारागानोसच्या काळात कल्याण ही रीतसर पेठ झाली, पुढे सांदानेसच्या ताब्यात गेल्यावर व्यापार फार अडला, आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. हे राजे नेमके कोण यावर इतिहासकारांचे वाद आहेत. थोरला सारागानोस म्हणजे सातवाहन घराण्यातला कोणी सातकर्णी असावा असं अनेकांना वाटतं. या चारपाच ओळींनी जवळजवळ सगळा जानेवारी घेतला. त्यापुढच्या प्रकरणात कल्याणनंतरची बंदरं एका दमात येतात, त्यातलं सेमिल्ला म्हणजे चौल.

पैशांचा हिशेब. वर्षाचा सगळा खर्च १३,००० रुपयांच्या आसपास गेला. त्यात भाडं सर्वांत जास्त, मग छपाई आणि ९०० रुपयांचा पांढरा फळा. प्रोजेक्टर वाचनालयाचाच होता. दाराशी एक डबा ठेवला होता, ज्याला जमेल त्याने टाकावं. साधारण निम्मा खर्च त्यातून निघाला, उरलेला मी आणि फादरांनी वाटून घेतला. पावत्या वहीत चिकटवून ती वही टेबलावर उघडी ठेवतो. त्यामुळे कोणाला विचारावं लागत नाही.

शब्दसूचीची एक प्रत वाचनालयाला दिली आहे, संदर्भ विभागात बसून बघता येते. जून २०२५ पासून नवी तुकडी सुरू होते आहे आणि तिचे पहिले सहा आठवडे, अक्षरं आणि उच्चार, ताई आणि औषधाच्या दुकानातली मुलगी मिळून शिकवणार आहेत. जुन्या तुकडीला मार्कचं शुभवर्तमान घ्यायचं आहे, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला रमाबाईंचं मराठी ठेवून. सभागृहाच्या परवानगीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. त्याचा अर्ज आम्ही या वेळी मे महिन्यातच दिला.